मंदा, तुझे दोन कॉम्प्युटर

मंदा,

शोकसभेत हेडमास्तरांनी तुला "संगणकतज्ज्ञ" म्हटलं आणि मला हसू आलं. भर शोकसभेत. पदर तोंडाला लावला म्हणून सगळ्यांना वाटलं मी रडते आहे. शेजारच्या बाईंनी पाठीवरून हातसुद्धा फिरवला. तू असतीस तर मला कोपर मारलं असतंस. संगणकतज्ज्ञ! अगं, त्या डब्याचं झाकण पहिल्यांदा उघडलं तेव्हा आतून उंदीर निघाला आणि तू बाकावर चढून उभी राहिलीस. भौतिकशास्त्राची शिक्षिका, साडी गुडघ्यापर्यंत धरून बाकावर. खाली उतरवायला मला तुझा हात धरावा लागला होता.

पुढे ते म्हणाले, मंदाताईंनी आपल्या शाळेत कॉम्प्युटर आणला. हे तुला चाललं नसतं, म्हणून इथे दुरुस्त करते. आणला त्यांनीच. तू तो चालू केलास. आणि "केलास" म्हटलेलंही तुला चाललं नसतं, तू "आपण दोघींनी केला" म्हणाली असतीस, मग मी "मी काय केलं, मी तर मराठीची बाई" म्हणाले असते, आणि आपला तो जुना वाद पुन्हा सुरू झाला असता. आता तो सुरू करायलाही कुणी नाही. स्टाफरूममध्ये सगळे फार समजूतदार आहेत गं. माझ्याशी कुणी भांडतच नाही.

नागपूरच्या एका कॉलेजने नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुने दोन आपल्या सानगडीच्या शाळेला दान दिले, तेव्हा तू वरठीला तुझ्या बाबांकडे होतीस. मी इथेच होते. मेटाडोरमधून ते उतरले, तेव्हा अर्धं गाव शाळेच्या फाटकाशी होतं. टीव्हीसारखा हिरवट पडदा, पडद्याशेजारी दोन फटी, पुढे टाइपरायटरसारखी बटणं. हेडमास्तरांनी नारळ फोडला, दोन्ही मशिनींना हार घातले, फोटो काढून घेतला आणि बटण दाबलं. एक मशीन काहीच बोललं नाही. दुसऱ्यातून धूर निघाला. कॉलेजला विचारायला माणूस पाठवला तर तिकडून निरोप आला, चालत होते तोवर आम्हीच वापरत होतो.

मग दोन्ही डबे गेले भांडारखोलीत, फुटक्या ढोलाच्या आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांच्या शेजारी. हेडमास्तरांसमोर कॉम्प्युटर हा शब्द काढायची सोय उरली नाही.

दोन वर्षांनी तू उन्हाळ्यात विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणाला नागपूरला गेलीस आणि परत आलीस ती वेगळीच. शाळेच्या पहिल्या दिवशी, अजून हजेरीसुद्धा झाली नव्हती, तू मला व्हरांड्यात गाठलंस.

"लीला, ते डब्बे कुठी आहेत?"

"कोणते डब्बे?"

"कॉम्प्युटर वं! आपल्याले दुरुस्त कराचे आहेत ते."

"आपल्याले? मले काय समजते त्यातलं?"

"समजाले मी आहे ना. मले हात पाहिजेत. तुझ्यासारखी रांगोळी या शाळेत कोण काढते?"

रांगोळीची तारीफ झाली की मी कशालाही हो म्हणते, हे तुला चांगलं माहीत होतं.

तो उंदीर आठवतो तसं त्याचं घरही आठवतं. पहिल्या मशिनीच्या पोटात, हिरव्या पाटीवर, कागदाच्या कपट्यांचं गोल घरटं. आपल्याच उत्तरपत्रिका कुरतडून त्याने ते केलं होतं. मी एक कपटा उचलला तर त्यावर "माझा आवडता ऋ" एवढंच उरलेलं. पाचवीच्या कुणाचा तरी निबंध. तू म्हणालीस, "बघ, यातही मराठीच भरलेली आहे. आता नाही म्हणू नको." पाटीवर जिथे जिथे उंदराने घाण केली होती तिथे तांब्याच्या बारीक रेघा हिरव्या पडून तुटल्या होत्या. त्या सगळ्या स्पिरिटने आणि जुन्या दातांच्या ब्रशने आपण धुतल्या. शनिवारी दुपारी शाळा सुटली की पोरी घरी आणि आपण भांडारखोलीत. हेडमास्तर खिडकीवरून जाताना मुद्दाम तिकडे बघत नसत.

त्या काळ्या चिपांचे पाय खोडरबराने घासायचे, हे तू सांगितलंस तेव्हा मला वाटलं तू थट्टा करतेस. एकेक चिप हळूच उपसायची, मुंगळ्यासारखे तिचे पाय, त्यांवरचा गंज खोडरबराने पुसायचा, पुन्हा जागेवर बसवायची. दिशा उलटी झाली तर चिप गेली. मी प्रत्येक चिपेवर खडूने ठिपका काढायचे. तुझं तोंड चालूच असायचं. ही चिप लक्षात ठेवते, ही फक्त निरोप पोचवते, ही वेळ सांभाळते. मला त्यातलं अर्धं कळायचं नाही, पण तू ज्या आवाजात सांगायचीस त्या आवाजात तू वर्गातही कधी शिकवताना मी ऐकलं नव्हतं. शेजारच्या गावातल्या नातेवाइकांची ओळख करून द्यावी तसा तो आवाज होता.

डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग, तू मला एका मोडक्या ट्रान्झिस्टरवर शिकवलंस. तापलेली सळई, शिशाची तार, आणि राळेचा तो गोडसर धूर. पहिल्याच दिवशी बोट भाजलं. तू माझा हात धरून माठात बुडवलास आणि शिपाईकाका दारातून ओरडले, "बाई, ते प्यायचं पानी आहे!" त्या माठातलं पाणी दिवसभर कुणी प्यायलं नाही. पण महिन्याभरात मी तुटलेल्या रेघेवर केसाएवढी बारीक तार ठेवून दोन्ही टोकांना डाग देऊ लागले. डाग चांगला बसला की तो चकाकतो आणि वाईट बसला की मळका दिसतो. तू भिंगातून बघायचीस. "चकाकला" म्हणायचीस, बास. त्या एका शब्दासाठी मी आठवडाभर शनिवारची वाट पाहायचे. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस.

आपला खरा वाद पुढे सुरू झाला. मशिनी दोन, दोन्ही सारख्या, दोन्ही आजारी. मला सरळ दिसत होतं की दोघांचे चांगले भाग एकत्र केले तर एक नक्की उभा राहील. तुला ते मंजूर नव्हतं. तू म्हणायचीस, दोन्ही चालतील.

"कायले हट्ट करते? एक चालला तरी पुष्कळ आहे आपल्या शाळेले."

"एक चालला तं तो हेडमास्तराच्या खोलीत जाईल. त्यावर रुमाल झाकतील. पोरींले हात लावू देतील का कोणी? दोन पाहिजेत, लीला. एक दाखवाले, एक वापराले."

तू बरोबर होतीस. पण बरोबर असणं आणि जमणं हे वेगळं असतं, आणि ते मी तुला म्हटलं तेव्हा तू तोंड वाकडं केलंस.

दिवाळीच्या सुट्टीआधी हेडमास्तरांनी आपल्याला बोलावलं. संस्थेच्या मंडळींची सभा झाली होती. भांडारखोली बँडपथकाला द्यायची, आणि ते डबे सुट्टीनंतर भंगारात. हेडमास्तर काही वाईट माणूस नव्हे, हे तूही मानायचीस. ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले, "सुट्टी तुमच्या हातात आहे. जमलं तर बघा. माझ्या त्या नारळाची तरी लाज राखा, बाई." तू बाहेर आल्यावर व्हरांड्यातच हसत सुटलीस. मी हसले नाही. दिवाळीची सुट्टी म्हणजे आमच्या दिघोरीला धानाची कापणी, आणि सून कापणीला नाही म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना समजावायला तू येणार नव्हतीस.

पण तू आलीस. हे माझ्या कल्पनेतही नव्हतं. पिशवीत एक साडी घालून तू माझ्याबरोबर दिघोरीच्या एसटीत बसलीस. "तू माझ्या मशिनीवर, मी तुझ्या धानात. हिशोब बरोबर." सासूबाईंनी तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मास्तरीनबाई, इळा धरता येते का?" तू म्हणालीस, "धराले येते. चालवाचा कसा ते तुम्ही सांगा." आणि कमरेला पदर खोचून धानाच्या बांधीत उतरलीस.

तुझी कापणी बघण्यासारखी होती. आमची ओळ पुढे जायची आणि तू मागे एकटी, एकेक मूठ धरून, जणू प्रत्येक ओंबीची परवानगी घेऊन. दुपारी विळा घसरून तुझ्या बोटाला लागला. फार नव्हतं. तूच चिंधी बांधलीस आणि म्हणालीस, "हात माझा नाहीच आज." सासूबाईंनी तुला बांधावर बसवलं, भाकर आणि वांग्याची भाजी दिली, आणि तुझं लग्न का झालं नाही ते विचारलं. तू म्हणालीस, "आजी, मशिनीशी झालं आहे. दोन नवरे आहेत, दोन्ही कामचुकार." बायका हसून हसून पेंढ्यांवर बसल्या. निघताना सासूबाईंनीच मला म्हटलं, "जाय तू इच्यासंगं. कापनी होऊन जाते आमची." आजही त्या तुझा विषय निघाला की मास्तरीनबाई म्हणत नाहीत, "ते दोन नवऱ्यावाली" म्हणतात. तू गेल्याचं सांगितलं तेव्हा त्या सुपातले तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

सानगडीला परतलो तेव्हा शाळा रिकामी, पोरी नाहीत, अंगणात वाळलेली पानं. आपण पहिलं मशीन टेबलावर घेतलं, झाकण न लावता. सगळं पुन्हा तपासलं. तू बटण दाबलंस. क्षणभर पडद्याच्या मधोमध हिरवा ठिपका आला आणि मी तुझा दंड धरला. मग आतून जळका वास आला. तू वायर ओढून काढलीस. ट्रान्सफॉर्मर गेला होता.

तसा दुसरा नागपुरातही ऑर्डर देऊनच मिळणार होता आणि शाळा उघडायला फार दिवस नव्हते. मी म्हटलं, "दुसऱ्याचा काढ."

"नाही."

"मंदा, त्याच्यातला चांगला आहे. आपण तपासला आहे."

"एकाले चालवाले दुसऱ्याचं काळीज काढाचं?"

"बंदच आहे तो!"

"आज बंद आहे. काळीज काढलं का मंग तो डब्बाच होते. कोणी मंग त्याच्याकडे पाहत नाही, फक्त त्याच्यातलं काय कामाचं आहे ते पाहते."

मी चिडले. मी म्हटलं, तुझ्या हट्टापायी दोन्ही भंगारात जातील, आणि मी घरची दिवाळी सोडून इथे काय करून राहिली? तू पिशवी उचललीस आणि निघून गेलीस. दार आपटलं नाहीस, हळू लावलंस, त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवून गेले की आपणच काढायचा. पेचकस पदरात लपवून, चोरासारखी. तर भांडारखोलीचं दार उघडं. तू आधीच बसली होतीस दुसऱ्या मशिनीसमोर, आणि पेच काढत होतीस. पेचकस पुन्हा पुन्हा खाचेतून निसटत होता. तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

"पकड," म्हणालीस.

मी पेचकस घेतला. पेच काढले. तू ट्रान्सफॉर्मर दोन्ही हातांनी उचललास, मशिनीच्या पत्र्यावर एकदा हात ठेवलास आणि म्हणालीस, "परत आणून देईन." त्याला म्हणालीस, मला नाही. माफी तूही मागितली नाहीस, मीही नाही. त्याची गरजही पडली नाही. संध्याकाळी आपण एकाच ताटात चिवडा खाल्ला.

आता फ्लॉपी फिरवणाऱ्या पट्ट्याचं काम उरलं होतं. ती काळ्या चौकोनी पाकिटातली, कागदासारखी वाकणारी तबकडी मशीनमध्ये फिरते, तिच्यावर मशिनीला लागणारी सगळी विद्या. जुना पट्टा चिकट होऊन तुटलेला. मी सायकलच्या ट्यूबमधून कात्रीने एक कापला, फार अभिमानाने. तो फिरताना फ्लॉपी दारुड्यासारखी झोकांड्या खायची. शेवटी तू नागपूरला जाऊन टेपरेकॉर्डरच्या दुकानातून एक पट्टा आणलास, आणि वेग लावायला मला बसवलंस. चाकाखाली काळे-पांढरे पट्टे रंगवलेले होते. ट्यूबलाइटच्या उजेडात चाक फिरायला लागलं की ते पुढे सरकताना दिसायचे, नाहीतर मागे. बारीकसा पेच केसभर फिरवायचा. वेग बरोबर झाला की चाक फिरत असूनही पट्टे जागच्या जागी उभे दिसणार, असं तू सांगितलंस. माझा विश्वास बसला नाही. तू टेबलावर गाल टेकून, एक डोळा मिटून बघत होतीस.

"मागं. अजून थोडं मागं. अवं जास्त झालं. पुढं. पुढं..."

मग तू बोटाने खूण केलीस. मीही वाकले. आपली डोकी एकमेकींना लागली. चाक गरगर फिरत होतं आणि पट्टे उभे होते, जणू कुणी नुकतेच काढून ठेवलेत. फ्लॉपी आत ढकलली. खरखर झाली, थांबली, पुन्हा खरखर. पडद्यावर एक अक्षर आलं, त्याच्यापुढे बाणासारखी खूण, आणि त्यापुढे लुकलुकणारा एक चौकोन. "बस, एवढंच?" मी म्हटलं. तू म्हणालीस, "तो विचारून राहिला, काय करू म्हणून." आणि तू रडायला लागलीस, मंदा. मी तुला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. मी फक्त सळईची वायर काढून ठेवली, कारण ती तापलेली होती आणि तुझा पदर तिच्याजवळ होता.

शाळा उघडल्यावर ते सगळ्यांना दाखवायचं ठरलं. हेडमास्तर, संस्थेचे दोघं-तिघं, आणि दहावीच्या पोरी दाटीवाटीने. नेमकी लाइट गेली. हेडमास्तरांचा चेहरा मला बघवेना. लाइट आली, मशीन खरखरलं, चौकोन लुकलुकला. तू मला खुर्चीवर बसवलंस आणि स्वतः मागे उभी राहिलीस. मला वाटलं, माझा मान म्हणून. तू तोंडाने प्रोग्रॅमची एकेक ओळ सांगत गेलीस, सगळी पाठ, आणि मी एका बोटाने बटणं शोधत गेले. नंतर पोरींची नावं घातली, हजेरीच्या क्रमाने, इंग्रजी अक्षरांत. तू म्हणालीस, "आता शेवटचं बटण दाब." सगळी नावं पडद्यावरून पुसली गेली आणि इंग्रजी अक्षरांच्या नव्या क्रमाने खाली उतरली.

हेमलता आठवते ना? ह म्हणून सगळ्या हजेरीत शेवटची, पाचवीपासून. बक्षीस, खिचडी, लसीची सुई, सगळ्यात शेवटी. ती पुढे घुसली, पडद्याला नाक लावलं आणि ओरडली, "बाई, मी मधात आली! बाई, पाहा, मी मधात आली!" संस्थेच्या अध्यक्षांना काही कळलं नाही, पण पोरींनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की तेही वाजवायला लागले. भंगाराचा विषय तिथेच संपला. बँडपथक अजून व्हरांड्यात ढोल ठेवतं.

त्या दुपारी आपण तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो. मी फार खुशीत होते, बोलतच होते. तू म्हणालीस, "लीला, आज मी बसली असती ना, तं एक अक्षर नीट दाबता आलं नसतं." आणि उजवा हात पुढे धरलास. तो थरथरत होता. थंडीने थरथरावा तसा, पण उन्हात. उन्हाळ्यापासून होतं हे. आधी थोडं, मग जास्त, मग डोकं दुखणं. "म्हणून हात पाहिजे होते," तू म्हणालीस, "पण रांगोळी तू खरंच चांगली काढते हां. ते खोटं नाही." मी तुझा हात माझ्या मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी दाबून धरला. तो माझ्या हातांत थरथरत राहिला. मराठीची बाई मी, आणि एक वाक्य सुचलं नाही.

पुढचं तुला सांगण्यात अर्थ नाही, तूच ते सगळं सोसलंस. नागपूरचे डॉक्टर, मेंदूतली गाठ, ऑपरेशन, केस गेलेलं डोकं. मी आले की तू आधी स्कार्फ सरळ करायचीस आणि मग शाळेचं विचारायचीस. पुढच्या उन्हाळ्यात बरी वाटत होतीस. वरठीच्या घरी अंगणात कडुनिंबाखाली खाट, आणि मागच्या रुळांवरून रेल्वेगाडी गेली की बोलणं थांबवून वाट बघायची, कारण कुणाचंच ऐकू यायचं नाही. तुझं बोलणं हळू झालं होतं, पण वाद घालायला पुरेसं होतं.

"दुसऱ्याचा ट्रान्सफॉर्मर परत दिला का?"

"नाही देणार. पहिला बंद पडते मग."

"नवीन आन ना नागपुराहून."

"तूच आणजो बरी झाली की."

तू आधी स्कार्फ सरळ केलास. मग हसलीस. "हे बरं आहे तुझं. वादात जिंकता येत नाही तं मले बरी व्हायले सांगते."

तेव्हा मी तुला सांगायला हवं होतं असं पुष्कळ होतं. मी कैरीचं लोणचं आणलं होतं, त्याची बरणी उघडत बसले, झाकण घट्ट होतं. गाडी आली. गाडी गेली. मग बाबा चहा घेऊन आले. आता सांगते: त्या भांडारखोलीतले शनिवार माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. लग्न होऊन आल्यापासून मी कुणाची तरी सून, कुणाची तरी बाई होते. तिथे मी नुसती लीला होते, हातात तापलेली सळई घेऊन. आणि वादाचं म्हणशील तर मी अजूनही म्हणते, त्या दिवशी एक उभा केला ते बरोबर केलं. तू नाहीस म्हणून मी माघार घेणार नाही. तशी माघार तुला आवडलीही नसती.

पोळा झाला आणि तू गेलीस.

परवा बाबा शाळेत आले. तुझी छत्री, डबा आणि कपाटातली चप्पल न्यायला. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, अजून खिशावरचं बटण लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. छत्री घेऊन ते जायला निघाले आणि दारात थांबले.

"बाई, पोरीनं चालू केलेली ते मशीन... मले पाहता येते का?"

मी त्यांना खोलीत नेलं. खुर्ची दिली. बटण दाबलं, फ्लॉपी घातली. खरखर झाली तसे ते दचकले. मग पडद्यावर चौकोन लुकलुकायला लागला.

"हे काय करते?"

मी सांगितलं, नावं लावते, गणितं करते, पोरी तिच्यावर शिकतात. ते मान हलवत होते, पण ऐकत नव्हते. आतल्या पंख्याचा बारीक आवाज येत होता. त्यांनी हळूच हात पुढे केला आणि मशिनीच्या पत्र्यावर पंजा ठेवला.

"गरम आहे," ते म्हणाले.

"हो बाबा. चालू असलं की गरम होते."

"बरं." त्यांनी हात काढला नाही. "घाई तं नाही ना तुम्हाले?"

घंटा झाली. माझा दहावीचा तास होता, पोरी वर्गात दंगा करायला लागल्याचं ऐकू येत होतं. मी दार लोटून घेतलं आणि त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसले.